येतो बहुतेक

‘नाही’ हा शब्द मराठीच्या कोशात आहे, पण मुंबईच्या उपनगरांत तो कोणी फारसा वापरत नाही. लहान मुलांना ऐकवतात, कर्ज घ्या म्हणून फोन करणाऱ्याला ऐकवतात, फार तर भाव चढवणाऱ्या भाजीवाल्याला. पण मावसभावाला, खालच्या मजल्यावरच्या काकूंना किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा माणूस मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत मला अजून भेटायचाय. त्या कामासाठी आपण एक स्वतंत्र क्रियाविशेषण पाळलेलं आहे. ‘बहुतेक’.

“रविवारी येताय ना?”

“येतो बहुतेक.”

आता या माणसाचं पान धरायचं की नाही, हा प्रश्न व्याकरणाने सोडवलेला नाही. शाळेत आम्हाला क्रियाविशेषण अव्ययाचे प्रकार घोकायला लावले होते : कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक, संख्यावाचक, प्रश्नार्थक, निषेधार्थक. ‘आज’ कुठे बसतो, ‘इथे’ कुठे बसतो, हे झोपेतही सांगता यायचं. ‘बहुतेक’ मात्र कोणत्याही खान्यात नीट बसत नाही. त्याच्यासाठी ‘टाळवाचक’ असा सातवा खाना काढायला हरकत नव्हती. पण व्याकरणकारांना पाहुणे बोलवायचे नसावेत.

शब्दाची फोड सोपी आहे. बहुत अधिक एक. ‘एक’ हा तसा सगळ्या अंकांतला सरळमार्गी. पण मराठीत तो दुसऱ्या संख्येच्या शेपटीला लागला की तिची शिस्त बिघडवतो. दहा म्हणजे दहा. दहाएक म्हणजे आठपासून चौदापर्यंत काहीही. शंभर माणसं मोजता येतात, शंभरेक माणसं नुसती सांगता येतात. साकीनाक्याला रिक्षात अडकलेला माणूस ‘पाचेक मिनिटांत पोचतो’ म्हणतो, तेव्हा त्यातला पाच बिचारा खरा असतो, घात एक करतो.

तोच एक ‘बहुत’ला चिकटला. म्हणून शब्दाचा एक अर्थ ‘पुष्कळसे, जवळजवळ सगळे’. ‘बहुतेक दुकानं बंद होती’ या वाक्यात शंकेला जागा नाही. शटर खाली दिसतंय. पण हाच शब्द दुकानांच्या शेजारून उठून क्रियापदाच्या शेजारी जाऊन बसला, की ‘दुकान बहुतेक बंद असेल’ असं होतं. म्हणजे मी पाहिलेलं नाही, आणि साखर आणायला तीन मजले उतरायचा मला कंटाळा आलाय. जागा बदलल्यावर माणसं बदलतात हे आपण सरकारी खात्यांत पाहतोच, शब्दांचंही तेच.

‘बहुधा’चं थोडं असंच झालं. संस्कृतात तो ‘अनेक प्रकारांनी’ या अर्थाचा होता. मराठीत येईपर्यंत सगळे प्रकार गळाले आणि शंका तेवढी उरली. पण ‘बहुधा’ अग्रलेखात शोभतो, आणि ‘कदाचित’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात. फोनवर ‘मी कदाचित येईन’ असं कोणी म्हणालं तर आपण आधी त्याची तब्येत विचारतो. जिन्यात, फलाटावर आणि दूधवाल्याशी बोलायला ‘बहुतेक’च लागतो.

वाक्यात तो कुठे येतो याकडे मात्र कान द्यावा लागतो. ‘बहुतेक मी येईन’ म्हणजे मी येईन, ही येणार नाही, आणि मुलांचं तर विचारूच नका. ‘मी बहुतेक येईन’ म्हणजे शनिवारी रात्री बघू. ‘मी येईन बहुतेक’, म्हणजे शब्द पार शेवटी ढकललेला, की समजावं, येणं रद्द झालेलं आहे, फक्त तुम्हाला कळवायचं राहिलंय. आणि ‘येतो बहुतेक’! यात ‘मी’सुद्धा नाही. कोण येतो, कशाला येतो, काही पत्ता नाही. शिवाय आपल्याकडे निघणारा माणूसही दारात उभा राहून ‘येतो’च म्हणतो. तेव्हा ‘येतो बहुतेक’ म्हणणारा येतोय की निघालाय, हेही सांगता यायचं नाही.

याला अपवाद एकच. ‘बहुतेक नाही जमणार’ असं जो स्पष्ट सांगतो, तो हमखास येतो. शिवाय चौघांना घेऊन येतो, आणि ‘म्हटलं, सरप्राइज द्यावं’ असं म्हणत पहिल्या पंगतीला बसतो.

भाचीच्या साखरपुड्याच्या वेळी हे शास्त्र मला नीट शिकायला मिळालं. हॉल मुलुंडला, दिवस रविवारचा. बायकोने फोन करकरून यादी केली होती. नावापुढे बरोबरची खूण म्हणजे येणार, फुली म्हणजे नाही, आणि ‘ब’ म्हणजे बहुतेक. फुली एकही नव्हती. बरोबरच्या खुणा होत्या त्या घरातल्या माणसांच्या. बाकी पानभर ब, ब, ब. केटरर समोर बसला होता. त्याला आकडा हवा होता. श्रीखंडाचा चक्का ‘बहुतेक’वर मागवता येत नाही.

त्याने यादी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, “वहिनी, नावं राहू द्या. स्टेशन सांगा.”

बायको स्टेशनं वाचू लागली.

“डोंबिवली, बहुतेक.”

“धरा. डोंबिवलीकर येतात. त्यांना प्रवासाचं काही वाटत नाही.”

“ठाणे, बहुतेक.”

“धरा. दोन जास्त धरा.”

“घाटकोपर?”

“धरा. पण उशिरा. साखरपुडा झाल्यावर, जेवणाच्या आधी.”

“अंधेरी.”

“निम्मे.”

“बोरिवली. आमचे मामा. सहा जण. म्हणाले, बहुतेक नक्की येतो.”

त्याने पेन खाली ठेवलं. “वहिनी, मामांना मनापासून यायचंय. पण पान धरू नका.”

‘बहुतेक नक्की’ हा प्रयोग व्याकरणाच्या पेपरात चूक ठरेल, पण उपनगरात तो रूढ आहे. लग्न ‘बहुतेक नक्की’ झालेलं असतं, पोरगं अमेरिकेला जाणं ‘बहुतेक नक्की’ असतं, टॉवरचा ताबा येत्या दिवाळीला ‘बहुतेक नक्की’ मिळणार असतो. (दिवाळी कोणती, ते बिल्डर सांगत नाही.) त्यात ‘नक्की’ समोरच्याच्या समाधानासाठी असतं आणि ‘बहुतेक’ आपल्या सुटकेसाठी. तेव्हा मामांना खोटं म्हणायचं कारण नाही. त्यांची अडचण वेगळी आहे, आणि ती नकाशात दिसते.

मुलुंड आणि बोरिवली नकाशावर जवळजवळ समोरासमोर आहेत. मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. या उद्यानातल्या बिबट्याला बोरिवलीच्या बाजूने निघून मुलुंडच्या बाजूला यायला कुठे गाडी बदलावी लागत नाही. मामांना लागते. आधी दक्षिणेला दादरपर्यंत जा, तिथला जिना चढा, पश्चिमेतून मध्यमध्ये या, आणि मग पुन्हा तेवढंच उत्तरेला. रस्त्याने म्हणाल तर वरून घोडबंदर, खालून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. म्हणजे अडकायचं कुठे, घोडबंदरला की पवईला, एवढाच प्रश्न. जरीची साडी नेसलेली मामी, हातात आहेराची पिशवी, आणि दादरचा तो पूल. तुम्हीही ‘बहुतेक’च म्हणाला असता.

त्यात रविवार. समारंभ रविवारी, आणि लोहमार्गाची दुरुस्तीही रविवारी. मध्य रेल्वे तिला मेगाब्लॉक म्हणते, पश्चिम रेल्वे जम्बो ब्लॉक. पश्चिमवाल्यांना आपण वेगळे आहोत हे दाखवायची हौस पहिल्यापासून आहे. मध्यचा ब्लॉक पुष्कळदा माटुंगा ते मुलुंड असतो, जणू बोरिवलीकरांना मुलुंडपासून लांब ठेवण्यासाठीच आखलेला. अशा दिवशी ज्याने ‘शंभर टक्के येतो’ म्हटलं, त्याने एकतर वेळापत्रक बघितलेलं नाही किंवा तो आधल्या रात्रीच मुक्कामाला येणार आहे.

एका ‘बहुतेक’चा भाव मात्र माझ्या डोळ्यांदेखत पडला. पूर्वी घाटकोपरहून अंधेरीला जायचं म्हणजे ३४० नंबरची बस आणि अंधेरी-कुर्ला रस्ता. असल्फा, साकीनाका, मरोळ अशी दरेक नावाची आठवण घामासकट. त्या काळात घाटकोपरची आत्या अंधेरीच्या पुतण्याकडे बारशाला ‘येते बहुतेक’ म्हणाली, तर तिला कोणी दोष देत नसे. मग ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं, थंडगार डबा, वीस मिनिटांच्या आत अंधेरी. आत्याच्या ‘बहुतेक’खालची जमीनच सरकली. वर्षभर ती गडबडली होती. कोणी बोलावलं की खरंच जावं लागत होतं. पुढे मेट्रोलाच अशी गर्दी व्हायला लागली, की घाटकोपरला फलाटावर शिरण्यासाठी रांग, आणि आत्या पूर्ववत झाली. आता ती म्हणते, “मेट्रोने येते बहुतेक, गर्दी नसली तर.” आत्यांना अटी चांगल्या सुचतात.

तोच धसका आता मामांनी घेतलाय. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या आणि ठाणे-बोरिवलीच्या जुळ्या बोगद्यांचं भूमिपूजन १३ जुलै २०२४ ला झालं. दोन्ही बोगदे त्याच राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणार. एक रस्ता बारा किलोमीटरच्या आसपास, दुसरा त्याहून किंचित कमी. बोरिवलीकर सगळे खूश. मामांनी मात्र बातमी पूर्ण वाचली, पेपरची घडी घातली आणि विचारलं, “कधी होणार म्हणे हे?” मी म्हटलं, काही वर्षांत, बहुतेक. त्यांचा चेहरा उजळला.

पण ‘बहुतेक’ नेहमी ‘नाही’च असतो असंही नाही. फलाटावर तो चक्क ‘हो’ असतो. अंधेरीला गाडी आत शिरताना तुम्ही शेजाऱ्याला विचारता, “बोरिवली आहे का? फास्ट?” तो रोजचा माणूस आहे, त्याने गाडीचा आवाज ऐकूनच ती ओळखलेली आहे. तरी तो म्हणतो, “बहुतेक.” कारण आयत्या वेळी काही बदललं, गाडी स्लो निघाली किंवा विरार निघाली, तर तुमचं पाप त्याच्या डोक्यावर नको. विरारच्या गाडीत बोरिवलीला उतरणाऱ्याचं स्वागत कसं होतं ते त्याला माहीत आहे. त्यात कोणाला ढकलण्याची जबाबदारी तो घेत नाही. फलाटावर ‘नक्की’ म्हणणारा माणूस ओळखून ठेवावा. तो पाहुणा असतो.

शेजारीपाजारी आपापल्या भाषेत हेच चाललेलं असतं. घाटकोपर-मुलुंडचा गुजराती दुकानदार उधारीच्या तारखेला ‘जोईए’ म्हणतो. प्लंबरकाम करणारा हिंदीत ‘हो जायेगा’ म्हणतो, कधी ते सोडून. रिक्षावाला तर शब्दही खर्च करत नाही, मान किंचित तिरकी करतो. ती मान होकाराची की नकाराची हे रिक्षा पुढे गेल्यावर कळतं.

अंधेरीत तर एकदा लोखंड आणि काँक्रीटसुद्धा ‘बहुतेक’ जुळलं होतं. स्टेशनाजवळचा गोपाळ कृष्ण गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला वाहतुकीला बंद झाला. पूर्वेकडून पश्चिमेला जाणं हाच मग एक प्रवास झाला. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू उघडली, आणि लोकांनी पाहिलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल, ज्याला हा जुळायचा, तो खालीच राहिलाय. दोघांत पुरुषभर उंचीचा फरक. अख्ख्या मुंबईने हसून घेतलं. मग तज्ज्ञांचे सल्ले आले, बर्फीवाला पूल जॅक लावून वर उचलला गेला, आणि जुलै २०२४ मध्ये दोन्हींचं जुळलं. मला त्यात हसण्यापेक्षा ओळखीचंच जास्त वाटलं. पत्रिका ‘बहुतेक जुळते’ म्हणून ठरवलेली किती लग्नं अशीच पुढे एका बाजूने उचलून घ्यावी लागतात.

या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच खोलीत ऐकायचे असतील तर पुनर्विकासाच्या सभेला जावं. मुलुंड, बोरिवली, घाटकोपर, कुठेही. दर तिसऱ्या गल्लीत एक तीनमजली इमारत टॉवर व्हायची वाट बघत उभी आहे. तळमजल्यावर स्कूटर बाजूला सारून मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, वेफर्सच्या पुड्या, सेक्रेटरीच्या हातात फाईल. सेक्रेटरी सांगतो, “बहुतेक सभासद तयार आहेत.” हा झाला पहिला अर्थ, पुष्कळसे. मग तो एकेकाला विचारतो. पहिला म्हणतो, “मी बहुतेक तयार आहे.” दुसरा म्हणतो, “आमचं बहुतेक हो आहे, पण मुलाशी बोलतो.” तिसऱ्या बाई म्हणतात, “यांचं बहुतेक हो आहे, माझं बहुतेक नाही.” सगळेच बहुतेक तयार असले म्हणजे बहुतेक तयार आहेत असं होतं का, हा प्रश्न मोरो केशव दामल्यांनाही पडला नसेल. त्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. तेव्हा एफएसआय नव्हता.

शासनाने मात्र या बाबतीत भाषेवर विसंबायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने पुनर्विकासासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी केली, आणि विकासक निवडायची सभा निबंधकांच्या अधिकाऱ्यासमोर, चित्रीकरण करून घ्यायला लावली. कॅमेरा चालू झाला की काय गंमत होते ती बघण्यासारखी असते. ज्या काकांनी जिन्यात आठ महिने ‘बहुतेक’ म्हणून काढले, त्यांना हात वर करायचा की नाही एवढंच विचारलं जातं. ते हात वर करतात, पण कोपरापर्यंत. अधिकारी विचारतो, “काका, हा हात वर आहे का?” काका शेजारी बघतात, बायकोकडे बघतात, आणि म्हणतात... जाऊ दे. हात मोजला गेला एवढं खरं.

अलीकडे फोनवर ‘बहुतेक’ टाइप करायचे कष्टही कोणी घेत नाही. आमंत्रण कुटुंबाच्या ग्रुपवर पडलं की खाली एका ओळीत जोडलेल्या हातांची चित्रं येतात. हे हात ‘जरूर येतो’चे, ‘शुभाशीर्वाद, घरूनच’चे, की नुसतं ‘वाचलं’चे, ते कळायला मार्ग नाही. आवाजाने ‘बहुतेक’ म्हटलं की त्यात निदान चढउतार तरी असायचा. ‘बहुऽऽतेक’ लांबवलं की नाही, झटक्यात म्हटलं की हो. जोडलेल्या हातांना चढउतार नसतो. केटरर लोकांचा या चित्रावर फार राग आहे, आणि माझ्या मते तो रास्त आहे.

साखरपुड्याचं म्हणाल तर केटररचा आकडा जवळपास तंतोतंत आला. डोंबिवलीकर वेळेआधी आले, ठाण्याहून दोन जास्त आले, घाटकोपर जेवणाच्या तोंडावर. अंधेरीचे निम्मे. मामांचा फोन दुपारी अडीचला आला, दादरच्या पुलावरून. निघाले होते खरोखर. “सुरू आहे का अजून पंगत?” त्यांनी विचारलं. बायको केटररकडे बघत म्हणाली, “आहे बहुतेक, या.” आले, सहाच्या सहा. पंगत उठली होती, पण त्याने सहा पानं झाकून ठेवलेली होती. हिशेबात नव्हती, तरी ठेवली होती.

तेव्हा पुढचं कार्य तुमच्याकडे असेल आणि हॉल मध्य रेल्वेवर असेल, तर पश्चिमेच्या पाहुण्यांना ‘येणार ना?’ असं विचारूच नका. ‘कितीची गाडी पकडताय?’ असं विचारा. जो गाडीची वेळ सांगेल त्याचं पान धरा. जो ‘बघतो, साडेनऊ-दहाची’ म्हणेल त्याचं अर्धं धरा. आणि आमंत्रण शनिवारचं ठेवता आलं तर जरूर ठेवा. ब्लॉक रविवारी असतो.